धंदा काढ, असे सांगण्याआधी

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची भरती काढली. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला अर्जासाठी हजार रुपये भरावे लागत होते, तरी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक माणसे, आणि त्यांत अभियंतेही होते. असे आकडे छापून आले की पुढचे काही दिवस एकच उपदेश कानावर पडत राहतो: नोकरीच्या मागे कशाला लागता, धंदा काढा. मंत्री उद्घाटनाच्या भाषणात तो करतात, कुलगुरू पदवीदान समारंभात करतात, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले, स्वतः सगळी हयात सरकारी खात्यात काढून निवृत्त झालेले काका तर तो फारच ठासून करतात. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्षही या मुद्द्यावर एका सुरात बोलतात.

इतके एकमत दिसले की थोडा संशय घ्यावा. उद्योजकता वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. बेरोजगारी शेवटी उद्योजकच हटवतात. पण ती हटवणारे उद्योजक संख्येने फार थोडे असतात, ते बहुधा तिशी-चाळिशीतले असतात, आणि धंदा काढण्याआधी त्यांनी कुणाच्या तरी हाताखाली बरीच वर्षे काढलेली असतात. बावीस वर्षांच्या प्रत्येक बेरोजगाराला कर्जाचा अर्ज देऊन 'आता तूच उद्योजक' म्हणणे ही वेगळी गोष्ट झाली. त्यात शासन आपल्या अंगावरची जबाबदारी त्या मुलाच्या अंगावर ढकलते, आणि धंदा बुडाला की दोषही त्याचाच ठरतो.

मुळात आपल्या देशात स्वतःचा धंदा करणाऱ्यांची वाण आहे, हे गृहीतकच चूक आहे. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये काम करणाऱ्यांपैकी ५२.२ टक्के लोक स्वयंरोजगारात होते. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ५८.४ टक्क्यांवर गेले. नियमित पगाराची नोकरी असलेले याच काळात २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर आले. नोकऱ्या मागणारे कमी होऊन नोकऱ्या देणारे वाढले, असा याचा अर्थ एखाद्या भाषणात लावता येईल. पण स्वयंरोजगाराच्या पोटात पाहिले की चित्र पालटते. स्वतःच्या जबाबदारीवर धंदा चालवणारे आणि माणसे कामाला ठेवणारे असे दोघे मिळून सहा वर्षांत ३८.६ वरून ३९ टक्के झाले, म्हणजे जागच्या जागीच राहिले. वाढले ते घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी मदत करणारे: १३.६ वरून १९.४ टक्के. बापाच्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारी बसलेला पदवीधर मुलगा आणि नवऱ्याच्या रानात राबणारी बायको यांनी ही वाढ झाली आहे. त्यांच्यापैकी कुणाच्या हातात महिनाअखेर पगार पडत नाही, आणि सरकारी मोजणीत त्यांच्यापैकी कुणी बेरोजगारही नाही.

असंघटित उद्योगांची पाहणी हेच दुसऱ्या बाजूने सांगते. २०२३-२४ मध्ये देशात शेतीबाहेरचे असे ७ कोटी ३४ लाख उद्योग होते आणि त्यांत १२ कोटी ६ लाख माणसे काम करत होती. भागाकार करून पाहा, एका उद्योगात सरासरी दोन माणसेही येत नाहीत. बहुतेक ठिकाणी मालक तोच नोकर आणि तोच हमाल. सव्वासात कोटींहून अधिक 'उद्योजक' ज्या देशात आधीच आहेत, तिथे आणखी एक कोटी वाढवल्याने काय साधेल? कमी आहेत ते दोनावरून वीस आणि विसावरून दोनशे माणसांवर गेलेले उद्योग.

श्रीलंकेत याचा अभ्यास झाला आहे. सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि क्रिस्टोफर वुड्रफ या अर्थशास्त्रज्ञांनी एकट्याने धंदा चालवणाऱ्यांची तुलना पगारी कामगारांशी आणि माणसे कामाला ठेवणाऱ्या मालकांशी केली. स्वभाव, शिक्षण, घरची पार्श्वभूमी, महत्त्वाकांक्षा असे बरेच काही तपासले. एकट्याने धंदा करणाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के लोक मालकांपेक्षा पगारी कामगारांशी अधिक मिळतेजुळते निघाले. बरी नोकरी मिळाली असती तर ते आनंदाने गेले असते. ती मिळाली नाही म्हणून त्यांनी गाडा लावला. आपल्याकडे वडापावच्या गाडीमागे उभ्या असलेल्या बहुतेकांची गोष्ट यापेक्षा वेगळी असेल असे वाटत नाही.

मग शिकलेली मुले तो गाडाही न लावता वर्षानुवर्षे परीक्षा का देत राहतात? आळस हे लोकांचे आवडते उत्तर आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात त्याचे खरे उत्तर सापडते. २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. ज्याच्या घरी संध्याकाळच्या पिठाची चिंता आहे त्याला बेकार राहणे परवडतच नाही. तो बिगाऱ्याचे काम करतो, ऊस तोडतो. थांबणे परवडते ते ज्याच्यामागे दोन-चार एकर जमीन किंवा बापाचा पगार आहे त्याला. आणि तो थांबतो तो हिशोब करूनच. सरकारी नोकरीत पगार, निवृत्तीची हमी आणि गावातली पत एकत्र मिळते. तीच पदवी घेऊन खासगी कंपनीत गेलात तर कंत्राटावर बारा-पंधरा हजार, तेही अकरा महिन्यांसाठी. शिवाय लग्नाचा बाजार आहेच. मुलीचा बाप 'मुलगा काय करतो' असे विचारतो तेव्हा 'स्वतःचा व्यवसाय आहे' हे उत्तर ऐकून त्याचा चेहरा कसा होतो, हे तालुक्याच्या गावातल्या कुणालाही विचारा. दोनशेत एक संधी असलेला जुगार खेळणारी मुले वेडी नाहीत. दुसऱ्या पारड्यात घालायला आपण त्यांना काही दिलेले नाही.

पुण्यात सदाशिव पेठेत आणि शास्त्री रस्त्याच्या आसपास फिरलात तर या वाट पाहण्यावर उभे राहिलेले धंदे दिसतील. चोवीस तास उघड्या अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसच्या खोल्या, झेरॉक्स, जुन्या प्रश्नपत्रिकांची दुकाने, शिकवणी वर्गांचे फलक. यांतले कित्येक धंदे पूर्वी स्वतः परीक्षा देऊन दमलेल्यांनीच काढलेले आहेत. उद्योजकतेचा असा नमुना मला तरी दुसरीकडे सापडलेला नाही.

आता कर्जाकडे येऊ, कारण आपल्याकडे उद्योजकता म्हणजे कर्ज असे समीकरण झाले आहे. १९९३ ची पंतप्रधान रोजगार योजना, तिचे २००८ मध्ये झालेले रूपांतर, २०१५ ची मुद्रा, महाराष्ट्राचा २०१९ चा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, शिवाय समाजासमाजांची आर्थिक विकास महामंडळे. गावात याला 'प्रकरण टाकणे' म्हणतात. कोटेशन आणायचे, प्रकल्प अहवाल एजंटाकडून लिहून घ्यायचा, जिल्हा उद्योग केंद्रातून फाइल बँकेत पाठवायची आणि मग शाखाधिकाऱ्याच्या केबिनबाहेर बसायचे. प्रकल्प अहवाल बहुधा शेजारच्या तालुक्यातल्या कुणाच्या तरी अहवालाची नक्कल असतो, फक्त नाव आणि गाव बदललेले. अनुदान पंधरा ते पस्तीस टक्के. ते मंजूर झाले तरी केंद्राच्या योजनेत तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून पडून राहते. पुष्कळांचा रस त्या अनुदानात असतो, धंद्यात नसतो. बँकेलाही हे ठाऊक असते, म्हणून ती आधीपासूनच संशयाने पाहते. त्यातून ज्याला खरोखर धंदा करायचा आहे तो भरडला जातो.

मुद्राचे आकडे अवाढव्य आहेत. दहा वर्षांत ५२ कोटींहून अधिक कर्जे, एकूण रक्कम ३२ लाख कोटी रुपयांच्या वर. पण सरासरी काढली तर एका कर्जाला साठ-बासष्ट हजार रुपये येतात, आणि संख्येने सर्वांत जास्त कर्जे पन्नास हजारांच्या आतल्या 'शिशु' गटातली आहेत. या रकमेला मी कमी लेखत नाही. महिना पाच टक्क्यांनी सावकाराकडून पैसे उचलणाऱ्या भाजीवालीला ते कर्ज मोठा आधार देते. मात्र साठ हजारांत शिलाई मशीन येते, शेळ्या येतात, दुकानात माल भरता येतो. दुसऱ्या माणसाला पगार देता येईल असे काही त्यातून उभे राहत नाही. कर्ज म्हणून ते ठीक आहे, रोजगाराचे धोरण म्हणून ते फार तोकडे आहे.

हैदराबादच्या वस्त्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची कसोटी घेतली होती. १०४ वस्त्या निवडल्या, त्यांतल्या ५२ वस्त्यांत सूक्ष्म कर्ज देणारी संस्था आधी गेली आणि उरलेल्या ५२ मध्ये नंतर. आधीपासून धंदा करणाऱ्यांनी गुंतवणूक वाढवली, काहींनी टिकाऊ वस्तू घेतल्या. पण घरांचा एकूण खर्च वाढला नाही, आणि ज्या रोजगारक्रांतीच्या कथा सांगितल्या जात होत्या तिचा मागमूस नव्हता. फायदा झाला तो ज्यांचे धंदे आधीच बरे चालले होते अशा मोजक्यांना.

यामागचे कारण अवघड नाही. तालुक्याच्या चौकात अमृततुल्य चहाचे एक दुकान चालले की वर्षभरात चार उघडतात, आता तर फ्रँचायझीची पाटी लावून. चौकातून जाणारी माणसे तेवढीच आणि त्यांच्या खिशातले पैसेही तेवढेच. पाचव्या दुकानाने रोजगार निर्माण केला अशी नोंद योजनेच्या अहवालात होते. पहिल्या चौघांचा गल्ला किती उतरला याची नोंद कुठेच होत नाही. जो धंदा गावाबाहेरचा पैसा गावात आणतो, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात, परदेशात विकतो, त्यानेच एकूण रोजगार वाढतो. बाकीचे धंदे असलेलीच भाकरी पुन्हा पुन्हा वाटून घेतात.

आफ्रिकेतून आलेले दोन निष्कर्ष इथे उपयोगी पडतात. उत्तर युगांडात सरकारने तरुणांच्या गटांना हुन्नर शिकायला आणि अवजारे घ्यायला माणशी सुमारे चारशे डॉलर दिले, परत करायचे नाहीत अशा अटीवर. चार वर्षांनी त्यांची कमाई पैसे न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती. सगळीकडे वाहवा झाली. संशोधक नवव्या वर्षी पुन्हा गेले तेव्हा पैसे न मिळालेलेही कमाईत त्यांच्या बरोबरीला आले होते. अनुदानाने मुले लवकर उभी राहिली, पण कायमची पुढे गेली नाहीत. नायजेरियाने २०११ मध्ये उलटा मार्ग घेतला. व्यवसायाच्या आराखड्यांची स्पर्धा लावली, सुमारे २४,००० अर्ज आले, १,२०० विजेते निवडले आणि प्रत्येकाला सरासरी पन्नास हजार डॉलर दिले, त्या वेळच्या दराने पंचवीस लाख रुपयांच्या आसपास. तीन वर्षांनी विजेत्यांच्या उद्योगांत दहाहून अधिक माणसे कामाला असण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते. पैसा थोड्यांना पण पुरेसा दिला तर त्यातून नोकऱ्या निघतात, हे यातून दिसले.

यातली अडचण मला दिसते. 'थोड्यांना पुरेसा' म्हटले की महाराष्ट्रात ते थोडे कोण असतील हे सांगायला ज्योतिषी नको. आमदाराचा भाचा, कारखान्याच्या संचालकाचा जावई. पण नायजेरियातही वशिला काही कमी नाही. त्यांनी अंतिम फेरीतल्या बऱ्याच जणांची निवड चक्क सोडत काढून केली, आणि परीक्षकांनी दिलेल्या गुणांवरून पुढे कोण यशस्वी होईल हे सांगता येत नव्हते, असेही संशोधनात निघाले. तज्ज्ञांनाही विजेता ओळखता येत नसेल तर किमान पात्रता तपासून उघड सोडत काढायला काय हरकत आहे? म्हाडाच्या घरांसाठी आपण तेच करतो.

पण पैशाहून मोठा प्रश्न वेगळा आहे. उद्योजक घडतो कुठे? माझ्या मते याचे सर्वांत बोलके उदाहरण बांगलादेशचे आहे. त्या देशाचे नाव घेतले की ग्रामीण बँक आणि मुहम्मद युनूस आठवतात. परंतु तिथल्या सुमारे चाळीस लाख लोकांना, त्यांतही बहुसंख्य बायकांना, पगार मिळाला तो कपड्यांच्या कारखान्यांतून. त्याची सुरुवात अशी झाली: नुरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याने 'देश गारमेंट्स' काढली आणि दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. १९७९ मध्ये १३० बांगलादेशी माणसे पुसानच्या कारखान्यात शिकायला गेली. यंत्र चालवणे, कापड कापणे, माल तपासणे, परदेशी गिऱ्हाइकाशी बोलणे, सगळे तिथेच शिकली. पुढच्या दशकात त्या १३० पैकी ११५ जणांनी 'देश' सोडली. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. कादेर यांचे यात नुकसानच झाले असेल, पण देशाला एक उद्योग मिळाला. सरकारने काय केले? बेरोजगारांना कर्जे वाटली नाहीत. निर्यातीची ऑर्डर दाखवली की तिच्या आधारावर कापड उधारीवर आयात करता येईल आणि त्यावर जकात लागणार नाही, असे दोन रुक्ष नियम केले. भाषणात सांगण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

त्याच बांगलादेशात २०२४ मध्ये सरकारी नोकरीतल्या आरक्षणाविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि शेख हसीना यांना देश सोडावा लागला. सूक्ष्म कर्जाच्या माहेरघरातही शिकलेल्या मुलांना सरकारी नोकरीच हवी होती. कारखान्यांनी शिलाई मशीनवरच्या नोकऱ्या दिल्या, पदवीधरांजोग्या पुरेशा दिल्या नाहीत. हा धडा आपणही गिरवून ठेवावा.

आपल्याकडे पुसान नव्हते असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवत होते, तिथल्या यंत्रांवर त्यांचा हात बसला होता. बढती डावलली गेली म्हणून त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलीचे दुकान, मग कडबा कापायची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने तो नांगर बराच काळ खपतच नव्हता. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी जमीन आणि कर्ज दिले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नोकरी, हातातले कसब, पडत्या काळात साथ देणारा कुणी तरी, आणि मग कारखाना, असा तो क्रम आहे. कोल्हापुरात म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांच्या पिढीने इंजिने खोलून, जोडून, नंतर स्वतः बनवून जे शिक्षण दिले, त्यातून शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या निघाल्या. पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्को आणि बजाज आले तेव्हा तिथे आठ-दहा वर्षे घाम गाळलेल्या कामगार-सुपरवायझरांनी भोसरीत एक लेथ टाकून जॉबवर्क सुरू केले. त्यांना पहिले गिऱ्हाईक शोधायला जावे लागले नाही, कारण जुना साहेबच पहिली ऑर्डर देत होता. यांतल्या कुणालाही पदवीच्या शेवटच्या वर्षाला 'उद्योजकता विकास' हा विषय नव्हता.

इथे एक जुने पालुपद येते: मराठी माणसाला धंदा जमत नाही. या वाक्याचा मला कंटाळा आला आहे. जोतीराव फुले बांधकामाचे कंत्राटदार होते आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला, हे आपण शाळेत शिकवत नाही. मारवाडी मुलाला धंदा 'रक्तात' मिळत नाही. तो चौदाव्या वर्षी मामाच्या पेढीवर बसतो, उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे ऐकत मोठा होतो, आणि पहिला धंदा बुडाला तर नात्यातला कुणीतरी त्याला दुसऱ्यांदा माल देतो. उमेदवारी, उधार माल आणि बुडण्याची मुभा या तीन गोष्टी त्याला घरात मिळतात. कुणब्याच्या, मातंगाच्या, कोळ्याच्या पोराला त्या घरात मिळणार नसतील तर बाहेर मिळायला हव्यात. बाहेर त्या देणारी एकच जागा असते, बरा चाललेला कारखाना.

आणि आपले कारखाने वाढत नाहीत, मूळ दुखणे हेच आहे. चांग-ताई श्ये आणि पीटर क्लेनो यांनी अमेरिका, मेक्सिको आणि भारतातल्या कारखान्यांची वयानुसार तुलना केली. अमेरिकेत चाळीस वर्षे टिकलेल्या कारखान्यात नव्या कारखान्याच्या सातपटीहून जास्त कामगार असतात. भारतात टिकून राहिलेला कारखाना तेवढ्याच काळात जेमतेम दुप्पट होतो. इचलकरंजीत जा. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला, म्हणजे हा उद्योग सव्वाशे वर्षांच्या घरात आला. तिथे आजही असंख्य यंत्रमागधारक 'खर्चीवाले' आहेत. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. माग, जागा आणि विजेचे बिल तेवढे यांचे. विणून दिल्याची खर्ची मिळते. सुताचा भाव वाढला की व्यापारी काम थांबवतो, वीजदर वाढला की खर्चीत काही उरत नाही, आणि भांडवल कधी साठतच नाही की साध्या मागाऐवजी आधुनिक माग घ्यावा. मालक म्हणून त्याची गणना होते, जोखीम मालकाची असते आणि कमाई मजुराची. असे आणखी दहा हजार मालक तयार करून आपण कुणाचे भले करणार?

कारखाने न वाढण्याचे कारण कामगार कायदे आहेत असे उद्योजकांच्या संघटना सांगतात. ते काही प्रमाणात खरे असेल. पण मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात वेगळेच दिसले. सल्लागार पाठवून साध्या गोष्टी शिकवल्या, यंत्रांची वेळच्या वेळी देखभाल, सुताच्या साठ्याची नोंद, खराब मालाचा हिशोब. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मग हे मालक आधीच का वाढले नव्हते? गिरणी किती मोठी होणार हे त्या घरात कर्ते पुरुष किती यावर ठरत होते. दोन भाऊ असतील तर दोन युनिटे. बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती किल्ल्या द्यायला मालक धजत नव्हते, कारण माल चोरला गेला तर कोर्टात निकाल लागायला किती वर्षे जातील हे सांगता येत नाही. पदवीधर बेरोजगार आणि हा मालक यांच्यामध्ये एक न्यायालय उभे आहे, हे बेरोजगारीवरच्या चर्चेत कुणी बोलत नाही. ज्या व्यवस्थापकाच्या जागेवर आपला बी.कॉम. झालेला मुलगा बसू शकला असता, ती जागा धाकट्या भावासाठी राखून ठेवलेली असते.

दुसरी अडचण वसुलीची. छोट्या उद्योगाने माल दिला की मोठ्या गिऱ्हाइकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. कायदा चांगला आहे. पण जो पुरवठादार त्याचा आधार घेऊन दावा लावेल त्याला पुढची ऑर्डर मिळणार नाही, हे दोघांनाही माहीत असते. २०२४ पासून आयकरात नवी तरतूद लागू झाली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. यात पुरवठादाराला भांडावे लागत नाही, म्हणून ती मला अधिक शहाणी वाटते. पण सरकारला आयकर कोण लावणार? जलजीवन मिशनच्या कामांची बिले थकली म्हणून २०२५ मध्ये महाराष्ट्रातले छोटे कंत्राटदार आंदोलन करत होते. त्यांतल्या कित्येकांनी कर्ज काढून पाइप घेतले, मजुरांना रोख पैसे दिले. एका हाताने तरुणाला अनुदान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याचे बिल अडवून धरायचे, हा उद्योग शासनाने आधी थांबवावा. त्यासाठी नवी योजना लागत नाही, फलकही लागत नाहीत.

'नोकऱ्या येणार कुठून? यंत्रेच सगळे काम करतील,' असे कुणी म्हणेल. भीती खोटी नाही, पण तो युक्तिवाद एकट्याच्या धंद्याला जास्त लागू पडतो. यंत्र घ्यायची ऐपत ज्या उद्योगात आहे तो टिकेल, गाडीवाला टिकणार नाही. शिवाय उद्योजक म्हणजे एकटा माणूसच असायला हवा असेही नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना साखर कारखानदार बनवले ते प्रत्येकाला वेगळा गुऱ्हाळाचा चरक देऊन नव्हे. सहकाराचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे, त्यावर वेगळे लिहायला हवे. पण नाशिकजवळ मोहाडीला सह्याद्री फार्म्सने द्राक्षबागाईतदारांची कंपनी करून निर्यात, प्रतवारी आणि प्रक्रिया यांत माणसे कामाला लावली. तिथल्या शीतगृहात, प्रयोगशाळेत, हिशोबाच्या टेबलावर शेतकऱ्यांचीच शिकलेली मुले बसू शकतात. त्यांतले काही पाच-सात वर्षांनी स्वतःचे काही काढतील, आणि तेव्हा त्यांनी द्राक्षांचा बाजार कोळून प्यायलेला असेल.

म्हणून पैसा कुठे वळवायचा याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अनुदानाचा मोठा भाग पहिल्या दुकानासाठी न देता, पाच-सात माणसांच्या कारखान्याने पुढची दहा माणसे घेतली तर त्यांच्या पगारातला वाटा म्हणून द्यावा. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली, सुरुवातीला सहा महिने सहा ते दहा हजारांचे विद्यावेतन. कल्पना योग्य दिशेची आहे. पण सहा महिन्यांत मोल्डरचा हात बसत नाही की निर्यातीची कागदपत्रे कळत नाहीत, आणि तो मुलगा सरकारी कचेरीत फायली उचलायला बसवला तर काहीच शिकत नाही. दोन वर्षे, खासगी कारखान्यात, जबाबदार कारागिराच्या हाताखाली, असे तिचे रूप हवे. त्यानंतर ज्याला धंदा काढायचा असेल त्याला साठ हजार नव्हे, वीस-पंचवीस लाख द्यावेत, सोडत काढून द्यावेत, आणि बुडाला तर त्याचे सिबिल आयुष्यभरासाठी काळे करू नये.

आणि एक काम वाचकांनी करावे. प्रत्येक जिल्हा उद्योग केंद्र दरवर्षी किती प्रकरणे मंजूर झाली आणि किती अनुदान वाटले याचे आकडे देते. आपल्या पालकमंत्र्यांना आणि आमदाराला पुढचा आकडा विचारा: तीन वर्षांपूर्वी ज्यांना कर्ज मिळाले त्यांच्यापैकी आज किती धंदे चालू आहेत, आणि मालक व त्याच्या घरची माणसे सोडून त्यांत किती जणांना दरमहा पगार मिळतो? हा तक्ता तालुकावार जाहीर करायला सरकारला नवा कायदा लागत नाही. तो जाहीर होईपर्यंत कुठल्याही व्यासपीठावरून मुलांना धंदा काढायचा उपदेश करण्याचा अधिकार त्यांना देऊ नका.